बाबांचा जुना डेस्कटॉप, लिनक्स मिंट आणि कामाच्या मध्येच थिजणारा स्क्रीन : मदत हवी आहे

रानजाई
शनिवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी,

प्रश्न बाबांच्या संगणकाचा आहे. २०१३ साली टिळक रोडवरच्या एका दुकानातून जुळवून घेतलेला डेस्कटॉप. कोअर आय३-३२२०, एच६१ मदरबोर्ड, ४-४ जीबीच्या दोन रॅम आणि एनव्हिडियाचं जीटी ६१० ग्राफिक्स कार्ड. तीन वर्षांपूर्वी मी त्यात एसएसडी बसवली, लिनक्स मिंट टाकलं आणि यंत्र पुन्हा तरुण झालं. दिवाळीच्या सुट्टीत घरी आले तेव्हा २१.३ वरून २२ वर नेलं. तेव्हापासून दिवसातून एकदा, कधी दोनदा स्क्रीन जागच्या जागी थिजतो.

बाबा ७४ वर्षांचे आहेत. निवृत्तीनंतर भारत इतिहास संशोधक मंडळात जाऊन मोडी शिकले. आता पणजोबांच्या वेळची घरातली मोडी पत्रं देवनागरीत उतरवून घेतायत. दोन रुमाल भरून कागद आहेत. एक पत्र लावायला, म्हणजे वाचून उलगडायला, कधी कधी आख्खा दिवस जातो, कारण शाई उडालेली, कागद घडीवर फाटलेला. काल संध्याकाळी मी शेजारीच बसले होते. कोपऱ्यातलं घड्याळ ६:१७ वर थांबलं, कर्सर 'राजश्री' शब्दापुढे उभा राहिला तो राहिलाच. माउस हलेना. मागे लावलेलं गाणं मात्र व्यवस्थित चालू होतं, पुढचं गाणंही लागलं. शेवटी पॉवरचं बटण दाबून धरलं. पाऊण तासाचं काम गेलं. बाबा काही बोलले नाहीत, चष्मा काढून ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. मला ते फार लागलं.

मी लिनक्स वापरते पण ड्रायव्हर वगैरे खोलातलं कळत नाही. पुन्हा सगळं इन्स्टॉल करू का? की यंत्रच बदलायची वेळ आली? मंगळवारी सकाळी मला परत बंगळुरूला निघायचंय.

खिडकीबाहेर
शनिवार, रात्री १०:५८

ताई, १२ वर्षांचं यंत्र आहे. त्याने त्याचं काम केलं. नवीन छोटा पीसी घ्या, विंडोज टाकून द्या, बाबांना त्रास नको. वडिलांच्या वेळेची किंमत जास्त आहे.

कर्नल_काका
शनिवार, रात्री ११:३०

रानजाई, आधी एक विनंती. पुन्हा इन्स्टॉल करू नका. तेच मिंट, तेच कर्नल (लिनक्सचा गाभा), तेच कार्ड असेल तर चार तास घालवून तुम्ही परत याच जागी येणार.

थिजलं म्हणजे नेमकं मेलं कोण, हे पहिल्यांदा ठरवायचं. चित्र गेलं की यंत्र गेलं? दोन्ही वेळा समोर दिसतं एकच, पण उपाय पूर्ण वेगळे. पुढच्या वेळी थिजलं की बटणाकडे हात नेऊ नका. कीबोर्डवर नम लॉक दाबून बघा. दिवा लागतो-विझतो? म्हणजे कर्नल जिवंत आहे. मग कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा बघा. सतत पेटलेला असेल तर कदाचित रॅम संपून डिस्कशी झटापट चाललीय, ते ग्राफिक्सचं दुखणं नव्हे. मग मोबाइलवरून त्या संगणकाच्या आयपी पत्त्याला पिंग करा. उत्तर आलं तर यंत्र ठणठणीत आहे, फक्त पडदा पडलाय.

तुमचं गाणं चालू राहिलं, पुढचंही लागलं. म्हणजे प्रोसेसर, डिस्क, साउंड सगळं काम करत होतं. माझा संशय सरळ ग्राफिक्स ड्रायव्हरवर. तरी खात्री करूया.

उद्या सकाळी एवढंच करा: दुसऱ्या यंत्रावरून आत शिरता यावं म्हणून ओपन-एसएसएच-सर्व्हर हे पॅकेज टाका आणि मोबाइलवर टर्मक्स हे टर्मिनलचं ॲप. पुढच्या वेळी थिजलं की मोबाइलवरून आत शिरा, बाबांचा लिबरऑफिस मोबाइलवरून सेव्ह करता येणार नाही, पण नोंदी काढता येतील आणि यंत्र नीट बंद करता येईल. रीस्टार्टनंतर मागच्या बूटच्या कर्नल नोंदी अशा बघायच्या: जर्नलसीटीएल, मग उणे बी, उणे १, उणे के. (आज्ञा इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये रोमनमध्येच टाका.) शेवटच्या ४०-५० ओळी इथे सांगा.

खिडकीबाहेर, नवीन यंत्र घेणं चूक नाही. पण विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. म्हणजे या यंत्रावर तो रस्ता बंदच आहे.

सोनचाफा
रविवार, सकाळी ७:१५

बाबांना नमस्कार सांगा. मोडी वाचणारी माणसं आता हाताच्या बोटांवर मोजावी इतकी. तोपर्यंत एक करा: लिबरऑफिसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, लोड/सेव्ह, जनरल इथे जाऊन ऑटोरिकव्हरीचा वेळ १० मिनिटांवरून २ मिनिटांवर आणा. ड्रायव्हर सुधारेल तेव्हा सुधारेल, काम तरी वाचेल.

टर्मिनलवेडी
रविवार, सकाळी ९:०४

काकांना अनुमोदन. थोडी भर घालते, कारण जीटी ६१० म्हटल्यावर मला गोष्ट बरीचशी कळली.

जीटी ६१० हे नावाने ६०० मालिकेतलं असलं तरी आतली चिप फर्मी घराण्याची, जीएफ११९. फर्मीसाठी एनव्हिडियाच्या ड्रायव्हरची शेवटची शाखा ३९०. तिची शेवटची आवृत्ती ३९०.१५७, नोव्हेंबर २०२२ मधली. त्यानंतर काही नाही. मिंट २१ उबुंटू २२.०४ वर बेतलेलं, तिथे ३९० मिळतो. मिंट २२ उबुंटू २४.०४ वर बेतलेलं, कर्नल ६.८. तिथे ३९० नाही. त्यामुळे तुमची आवृत्ती वर गेली तेव्हा ड्रायव्हर गुपचूप बदलला आणि कार्ड नूव्हो या कर्नलमधल्याच खुल्या ड्रायव्हरच्या हातात गेलं.

ड्रायव्हर मॅनेजर उघडून बघा, आणि टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय उणे के टाकून व्हीजीएच्या खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' समोर काय दिसतं ते सांगा. नूव्हो दिसेल अशी माझी खात्री आहे.

भोरवाला
रविवार, सकाळी ९:२०

मग ४७० टाका की. माझ्या जीटी ७१० वर मस्त चालतो.

टर्मिनलवेडी
रविवार, सकाळी ९:३३

नाही हो दादा. ७१० केप्लर, ६१० फर्मी. ४७० केप्लरपासून पुढे चालतो, ६१० ला तो ओळखतच नाही. इथे खूप लोक फसतात, कारण डब्यावरच्या आकड्यावरून घराणं कळत नाही. जीटी ६३० आणि जीटी ७३० तर दोन्ही घराण्यांत निघाले होते. एलएसपीसीआयमध्ये चिपचं नाव बघायचं. जीएफने सुरू झालं तर फर्मी, जीके असेल तर केप्लर. त्याहून जुनी ८४०० जीएस किंवा जी २१० असेल तर ३४० शाखा, तीही २०१९ मध्ये थांबली.

घाटमाथा
रविवार, सकाळी १०:०१

एक प्रश्न. एनव्हिडियाने ड्रायव्हर खुला केला असं मध्ये वाचलं होतं. मग जुन्या कार्डांना त्याचा उपयोग का होत नाही?

कर्नल_काका
रविवार, सकाळी १०:४०

मे २०२२ मध्ये त्यांनी कर्नल मॉड्यूलचा स्रोत खुला केला, पण तो ट्यूरिंग या बऱ्याच नव्या घराण्याच्या आणि त्यापुढच्या कार्डांसाठी. फर्मी त्यात नाही.

नूव्हो वेगळी गोष्ट आहे. बाहेरच्या मंडळींनी कार्ड काय करतं हे निरखून, उलट्या बाजूने उकलून लिहिलेला ड्रायव्हर. २०१० मध्ये कर्नल २.६.३३ मध्ये तो आला. कागदपत्रं हाती नसताना हे काम कसं केलं असेल याचा विचार केला की मला तरी आदरच वाटतो. रानजाईच्या बाबांना हे चटकन कळेल. तेही शिरोरेघेला लटकलेली, हात न उचलता लिहिलेली अक्षरं बघून लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं ते काढतातच की. तसंच.

पण काही कागद लागत नाहीत ते नाहीतच. फर्मीवर नूव्होला कार्डाच्या क्लॉकचा वेग वरखाली करता येत नाही, कार्ड बूटच्या वेळच्या वेगावरच राहतं. आणि ब्राउझर, डेस्कटॉपच्या सावल्या, व्हिडिओ असे सगळे एकाच वेळी कार्डाकडे कामं टाकायला लागले की कधी कधी कार्ड एका कामावरून दुसऱ्यावर जाताना अडकतं. मिंटचा सिनॅमन डेस्कटॉप सगळं चित्र कार्डाकडूनच काढून घेतो, म्हणून कार्ड अडकलं की आख्खा पडदा अडकतो.

पेठेतला_पाहुणा
रविवार, सकाळी ११:१२

ही सगळी चर्चा छान आहे पण कुणी कॅबिनेट उघडून बघा म्हणालं नाही अजून! आमच्या सदाशिव पेठेतल्या घरात रेडिऑन एचडी ५४५० होतं, तेही असंच थिजायचं. दोन महिने मी ड्रायव्हरच्या मागे. कर्नलला रेडिऑन डॉट डीपीएम बरोबर शून्य असा पर्याय दिल्यावर थोडं कमी झालं. शेवटी एकदा झाकण काढलं तर हीटसिंकवर धुळीचं घोंगडं. रस्त्याच्या कामांनी गेली काही वर्षं जी धूळ उडाली ती सगळी आत जाऊन बसली होती. ब्रशने साफ केलं, प्रोसेसरची थर्मल पेस्ट बदलली, त्यानंतर एकदाही नाही.

तपकीरगल्लीकर
रविवार, दुपारी १२:२५

पाहुण्यांशी सहमत, दुरुस्तीचं काम मी रोज करतो म्हणून सांगतो. १० वर्षांपुढचं यंत्र आलं की मी टेबलावर आडवं ठेवतो आणि पहिल्यांदा टॉर्च मारून कॅपेसिटर बघतो. डोकं सपाट असायला हवं. टेंगूळ आलं असेल किंवा वर तपकिरी चिकट काही सांडल्यासारखं दिसत असेल तर सॉफ्टवेअरला दोष देऊ नका. मग एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा. मग रॅमचे सोनेरी दात शाळेच्या साध्या खोडरबरने घासायचे, पावडर फुंकून टाकायची, कट्ट असा आवाज येईपर्यंत परत बसवायची. पुण्याच्या पावसाळ्यानंतर निम्मी यंत्रं एवढ्यावरच घरी जातात.

यूपीएसची बॅटरी पण तपासा. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते-येते तेव्हा म्हातारी बॅटरी क्षणभर दम सोडते आणि यंत्र लटकतं. लोक म्हणतात लिनक्स लटकलं.

रानजाई
रविवार, दुपारी ३:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढ्या लोकांनी एवढ्या आपुलकीने लिहिलंय.

टर्मिनलवेडी, तुमचं बरोबर निघालं. ड्रायव्हर नूव्होच आहे, चिप जीएफ११९.

दुपारी मुद्दाम ब्राउझरमध्ये दोन व्हिडिओ आणि लिबरऑफिस असं सगळं लावून ठेवलं. २० मिनिटांत थिजलं! नम लॉकचा दिवा लागतो-विझतो. डिस्कचा दिवा शांत. मोबाइलवरून पिंगला उत्तर येतं. टर्मक्समधून आत शिरले तेव्हा हात थरथरत होते, पण शिरले. नोंदींत वेळेबरोबर ही ओळ पुन्हा पुन्हा: नूव्हो, फिफो, शेड एरर ०ए, कंसात सीटीएक्सएसडब्ल्यू टाइमआउट. त्याखाली चॅनल किल्ड आणि एक इंजिन रिकव्हरीसाठी लावलंय असं काहीतरी. मग मोबाइलवरूनच रीबूटची आज्ञा दिली. बटण न दाबता पहिल्यांदा यंत्र नीट बंद झालं.

झाकणही काढलं. धूळ होती, ब्रशने काढली. कॅपेसिटर सगळे सपाट दिसतायत. फोटो बाबांनी भिंग घेऊन तपासले.

टर्मिनलवेडी
रविवार, दुपारी ४:१०

शाब्बास! हीच ती ओळ. एका कामाचा संदर्भ बदलून दुसऱ्याचा घ्यायचा होता, कार्डाने ठरल्या वेळेत तो बदलला नाही, असा तिचा अर्थ.

खात्रीची शेवटची चाचणी. बूट होताना शिफ्ट दाबून ग्रबची, म्हणजे सुरू होण्याच्या पर्यायांची, यादी आणा, पहिल्या ओळीवर ई दाबा, लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट लिहा, एफ१० दाबा. चित्र जाडंभरडं दिसेल, हळू चालेल, कारण कार्डाचा खरा ड्रायव्हर बाजूला राहतो. ही चाचणी आहे, इलाज नव्हे. तसंच ५-६ तास वापरून बघा.

मीठभाकर
रविवार, दुपारी ४:३१

मोबाइल नसेल हाताशी तर काय? थिजलेलं यंत्र कीबोर्डवरूनच नीट रीबूट करायचं मॅजिक सिसरिक्यू सांगा ना कुणीतरी. आल्ट आणि प्रिंटस्क्रीन दाबून धरायचं आणि सावकाश आर, ई, आय, एस, यू, बी. इंग्रजीतलं त्याचं वाक्य माझ्या कधी लक्षात राहिलं नाही म्हणून मी मराठी केलंय: राजू, एकदा इथं सगळं उचलून बघ.

पेठेतला_पाहुणा
रविवार, दुपारी ४:४०

मीठभाकर, हे वाक्य मी मॉनिटरला चिकटवतोय!! राजू कोण?

मीठभाकर
रविवार, दुपारी ४:४४

आमचा टेम्पोवाला. घर बदलताना आईने त्याला हेच वाक्य सांगितलं होतं.

कर्नल_काका
रविवार, संध्याकाळी ५:१५

वाक्य झकास. एक दुरुस्ती. उबुंटू आणि मिंटमध्ये हे अर्धंच चालू ठेवलेलं असतं. कर्नल डॉट सिसरिक्यू या ठिकाणी १७६ हा आकडा असतो, म्हणजे १६ अधिक ३२ अधिक १२८. डिस्कवर लिहून टाकणं, डिस्क फक्त-वाचनावर आणणं आणि रीबूट, एवढंच. कीबोर्ड सोडवणं आणि प्रोग्रॅम बंद करणं त्यात नाही. त्यामुळे तुमच्या वाक्यातलं 'सगळं उचलून बघ' तेवढं चालतं, 'राजू एकदा इथं' चालत नाही. सगळं हवं असेल तर आकडा १ करायचा. पण डिस्क सुखरूप राहायला शेवटची तीन अक्षरं पुरतात.

घाटमाथा
रविवार, संध्याकाळी ५:३८

अवांतर होईल, पण माझ्याकडे सेलेरॉन जे१९०० चा छोटा डबा आहे. तोही थिजायचा आणि त्यात एनव्हिडिया नाहीच, इंटेलचंच सगळं. तिथे नम लॉकही मरायचा. शेवटी कर्नलला इंटेल-आयडल डॉट मॅक्स-सीस्टेट बरोबर १ दिलं, मग थांबलं. त्या बे ट्रेल प्रोसेसरना खोल झोपेतून उठताना त्रास व्हायचा, ही जुनी ज्ञात गोष्ट निघाली. म्हणून काका म्हणतात ते पटलं, आधी मेलं कोण ते बघा. मी सहा महिने ग्राफिक्सला शिव्या घातल्या.

तपकीरगल्लीकर
रविवार, संध्याकाळी ७:०२

मंडळी, एक साधी गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटलीय. आय३-३२२० मध्ये प्रोसेसरच्या पोटातच इंटेल एचडी २५०० ग्राफिक्स आहे. एच६१ बोर्डाला मागे व्हीजीए असणारच, कदाचित एचडीएमआय पण. बाबांना टायपिंग करायचंय, स्कॅन बघायचेत, गाणी ऐकायचीत. त्यांना ते कार्ड लागतंच कशाला? काढून ठेवा. मॉनिटरची वायर मदरबोर्डाला लावा. ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे, वेगळं काही टाकायचं नाही, आणि कार्डाची २९ वॅटची उष्णता कॅबिनेटातून कमी.

टर्मिनलवेडी
रविवार, संध्याकाळी ७:१०

अरे देवा, हो! मी ३९० च्या पॅचमध्ये शिरायच्या बेतात होते. दादा, पूर्ण अनुमोदन. कर्नलमधला आय९१५ ड्रायव्हर आणि मेसा या ग्राफिक्सच्या संचातला क्रोकस, दोन्ही खुले, त्या पिढीला नीट सांभाळतात.

भोरवाला
रविवार, संध्याकाळी ७:४५

कार्ड काढलं तर स्पीड कमी नाही का होणार? पैसे देऊन घेतलेलं कार्ड.

तपकीरगल्लीकर
रविवार, रात्री ८:१०

गेम खेळायचे असते तर थोडा फरक जाणवला असता. नूव्होखाली ते कार्ड तसंही दबून चाललंय. टायपिंगला काडीचा फरक नाही. आणि थिजलेल्या वेगवान कार्डापेक्षा चालणारं साधं बरं.

कर्नल_काका
रविवार, रात्री ८:५०

कुणाला त्याच प्रकारचं कार्ड ठेवणं भागच असेल, म्हणजे प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स नसेल, तर दुसरा मार्गही सांगून ठेवतो. मिंट २१.३ वर परत जा, कर्नल ५.१५ ठेवा, ३९० वापरा. त्याला एप्रिल २०२७ पर्यंत सुरक्षेचे अपडेट आहेत. टाइमशिफ्ट या मिंटच्या साधनाने आधीच्या स्थितीची प्रत घेतलेली असेल तर मागे जाणं तासाभराचं काम. नव्या कर्नलवर ३९० जबरदस्तीने बसवायचे पॅच लोक करतात, पण कर्नलच्या आतली जोडणी दर आवृत्तीला बदलते आणि मॉड्यूल प्रत्येक वेळी नव्याने बांधावं लागतं. एक दिवस ते बांधलं जात नाही आणि सकाळी काळा पडदा. वडीलधाऱ्यांच्या यंत्रावर मी तो धोका घेणार नाही.

रानजाई
सोमवार, रात्री ९:२०

कालच्या नोमोडसेट चाचणीत सहा तास एकदाही थिजलं नाही.

आज बाबांनी आणि मी मिळून कार्ड काढलं. स्क्रू सोडवला, पण कार्ड हलेना. मागे खाचेला एक छोटी कडी असते ती दाबायची हे बाबांच्या बोटांनाच आधी सापडलं. वायर मदरबोर्डाच्या व्हीजीएला लावली, चालू केलं. सुरू झालं! पण सगळं मोठं मोठं, फिकट, खिडकी ओढली की लाटेसारखी मागून येते. १०२४ बाय ७६८ च्या वर जातच नाही. हेच इंटेलचं ग्राफिक्स का? बाबांचा चेहरा पडलाय आणि मला पहाटे निघायचंय.

टर्मिनलवेडी
सोमवार, रात्री ९:२६

थांबा, घाबरू नका. चाचणीसाठी नोमोडसेट कुठे लिहिलं होतं? ग्रबच्या यादीत तात्पुरतं, की ईटीसी-डिफॉल्ट-ग्रब फाइलमध्ये?

रानजाई
सोमवार, रात्री ९:२९

फाइलमध्ये. सारखं सारखं लिहायला नको म्हणून.

टर्मिनलवेडी
सोमवार, रात्री ९:३१

सापडलं. तो शब्द इंटेलच्या ड्रायव्हरलाही दाराबाहेर उभा करतो. फाइलमधून काढा, सुडो अपडेट-ग्रब, रीस्टार्ट.

रानजाई
सोमवार, रात्री ९:४४

झालं!!! अक्षरं कोरल्यासारखी दिसतायत. बाबांनी स्कॅन केलेलं पत्र पूर्ण स्क्रीनभर उघडलं आणि म्हणाले, "हा काना आहे गं, मी इतके दिवस वेलांटी समजत होतो."

सोनचाफा
सोमवार, रात्री ९:५०

वाचून डोळ्यांत पाणी आलं.

रानजाई
तेरा दिवसांनी, रविवार, रात्री ८:०५

धागा वर काढतेय. मी बंगळुरूला आहे. नऊ दिवस एकदाही थिजलं नाही, बाबा खूश होते. मग गेल्या बुधवारी एकदा आणि काल परत एकदा थिजलं. पण या वेळचं वेगळं. गाणं थांबलं नाही, एकाच सुरावर टर्रर्र करत अडकलं. बाबांनी फोनवर मला सांगितलं, "नम लॉक दाबला, दिवा हलत नाही." मी इथून सांगायच्या आधीच त्यांनी ते करून बघितलं होतं. त्यांच्या मोबाइलवर पिंग बसवून ठेवलं होतं, त्यालाही उत्तर नाही. 'सगळं उचलून बघ'ही केलं, काही नाही. नोंदींत शेवटची ओळ साधीच, एरर नाही, मधेच तुटल्यासारखी.

कर्नल_काका
रविवार, रात्री ८:३०

बाबांना माझा दंडवत. निदान त्यांनीच केलंय. या वेळी चित्र नव्हे, यंत्रच गेलं, आणि नोंद लिहायलाही वेळ मिळाला नाही. आता ग्राफिक्स विसरा. रॅम किंवा वीज. ग्रबच्या यादीत मेमटेस्ट ८६+ हे रॅम तपासणारं साधन असतं, ते रात्रभर चालू ठेवा. लाल ओळी आल्या की उत्तर मिळालं.

तपकीरगल्लीकर
रविवार, रात्री ८:४१

कार्ड काढलं तेव्हा आता ग्राफिक्स मुख्य रॅममधूनच जागा घेतं. पूर्वी ज्या कोपऱ्याला हात लागत नव्हता तिथे आता लागत असेल. लाल ओळी आल्या तर एकेक रॅम वेगळी लावून बघा. दोष रॅमबरोबर फिरला तर रॅम वाईट, जागेवरच राहिला तर खाच वाईट. आणि आधी खोडरबर!

रानजाई
मंगळवार, रात्री १०:१२

माझा चुलतभाऊ वारज्याहून आला होता, त्याने आणि बाबांनी केलं. मेमटेस्टमध्ये सातव्या मिनिटाला लाल ओळी. खोडरबरने घासून पुन्हा, तरी लाल. एक रॅम काढली, स्वच्छ. तीच काढलेली एकटी दुसऱ्या खाचेत लावली, लाल. म्हणजे रॅमच. उद्या तो तपकीर गल्लीतून ४ जीबीची डीडीआर३ आणणार आहे. तोपर्यंत ४ जीबीवर चाललंय आणि चांगलं चाललंय.

दोन वेगळी दुखणी होती आणि दोन्ही एकासारखीच दिसत होती. काकांनी पहिल्या दिवशी तो प्रश्न विचारला नसता तर दुसऱ्या वेळी मी परत ड्रायव्हरच शोधत बसले असते.

मोडीवाचक
गुरुवार, सकाळी ११:३०

सर्वांस सप्रेम नमस्कार. मी रानजाईचा बाबा. नातवाने आयडी काढून दिला. नवी रॅम बसली, मेमटेस्ट काल रात्रभर चालवला, एकही लाल ओळ नाही. आपण सर्वांनी अनोळखी माणसासाठी एवढा वेळ दिलात, ऋणी आहे.

आता एक अडचण माझी स्वतःची. मी इनस्क्रिप्ट कळफलक वापरतो. पत्रात 'डोंगरदऱ्या' असा शब्द आहे. मी र, हलन्त, य असा क्रम दाबतो तर 'दर्या' उमटतं. म्हणजे डोंगराच्या जागी समुद्र येतो. आधीच्या यंत्रावर असं होत नसे, किंवा मी कसं करत होतो ते विसरलो.

सोनचाफा
गुरुवार, सकाळी ११:४८

काका, साधा र नाही, नुक्त्याचा ऱ घ्यायचा. इंग्रजी जे च्या कळीवर साधा र असतो, शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ. मग डी, म्हणजे हलन्त, मग तिरक्या रेघेच्या कळीवरचा य. दऱ्या, वाऱ्यावर, पुऱ्या, सगळं नीट उमटेल. फॉन्ट लोहित देवनागरी ठेवा. पुण्यातच रेड हॅटच्या मंडळींनी तो वर्षानुवर्षं सांभाळला, मराठीची ही खोड त्याला माहीत आहे.

मोडीवाचक
गुरुवार, दुपारी १२:०५

शिफ्ट जे, डी, रेघ. दऱ्या. डोंगरदऱ्या. उमटलं.

पत्र १८ ओळींचं आहे, ११ झाल्या. शेवटच्या चार ओळींवर पाण्याचा डाग आहे, त्यांना संध्याकाळचा उजेड लागेल.